रीस्टार्ट केला की चालतं, परवा परत बंद: नेटचा बिघाड नेमक्या थरात कसा पकडायचा

वायफायची रेंज फुल्ल, राउटरवर दिवे हिरवे आणि कॉम्प्युटरवर साईट काही उघडेना. कुणीतरी उठून राउटरची पिन काढतो, थोडं थांबतो, परत लावतो. चालू होतं. दोन दिवसांनी, पावसाची एक सर येऊन गेली किंवा लाईट जाऊन आली की "परत तसंच व्हायलंय बघा" म्हणून फोन येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात ऑनलाईन अर्जाची सेंटरं, पतसंस्था, शाळांच्या लॅब, उद्यमबागेतली वर्कशॉप, कुठंही जा, तक्रार शब्दाला शब्द हीच. कारण मात्र दर ठिकाणी निराळं निघतं, आणि रीस्टार्टमुळे ते सापडतच नाही.

रीस्टार्टने नेमकं काय होतं ते बघा. केबलची दोन टोकं वेग नव्याने ठरवतात. कॉम्प्युटरला पत्ता नव्याने मिळतो. कुठला पत्ता कुठल्या मशीनचा, ही यादी पुसली जाते. बाहेर चालू असलेली सगळी कनेक्शनं तुटून नव्याने जोडली जातात. राउटरने लक्षात ठेवलेली साईटची नावंही जातात. म्हणजे एका पिनेने खालपासून वरपर्यंतचे सगळे थर एकदम हलवले. त्यातल्या एकाने काम केलं, पण कुठल्या? पुरावाच गेला. म्हणून पहिली विनंती एवढीच, की पिनेला हात लावण्याआधी पाच मिनिटं द्या. बंद पडलेलं नेट हीच तपासायची वेळ आहे. चालू झाल्यावर तपासायला काही उरत नाही.

आधी चार प्रश्न

एकाच मशीनवर बंद आहे की सगळ्यांवर? वायरवर आणि वायफायवर, दोन्हीकडे? एकच साईट अडते की सगळ्या? आणि बंद पडण्याआधी काय झालं होतं: पाऊस, लाईट, मोटर सुरू होणं, शेजारच्या गाळ्यात कुणी काही जोडणं?

शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण परत परत येणाऱ्या बिघाडात तोच सगळ्यात कामाचा. वेळ सांगते तेवढं बऱ्याचदा राउटरचं पानही सांगत नाही.

थर म्हणजे काय, कामापुरतं

नेटचं काम एकावर एक रचलेल्या टप्प्यांत वाटलेलं असतं, त्या एकेका टप्प्याला थर म्हणायचं. पुस्तकात असे सात थर असतात. आयएसओ या संस्थेने १९८४ मध्ये ओएसआय मॉडेल प्रमाण म्हणून छापलं: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. गंमत अशी, की इंटरनेट या मॉडेलवर उभं राहिलेलंच नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपी या आजही इंटरनेट चालवणाऱ्या नियमांवर गेलं होतं, म्हणजे ओएसआय छापून येण्याआधीच गाडी सुटली होती. टीसीपी/आयपीवाले चारच थर मानतात. १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात ते लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन असे मांडलेत. ओएसआयचे स्वतःचे प्रोटोकॉल जवळजवळ गेले, पण त्याचे नंबर मेकॅनिक लोकांच्या तोंडात राहिले. "लेयर वनचा प्रॉब्लेम आहे" म्हटलं की कुठल्याही टेक्निशियनला कळतं. कॉलेजच्या परीक्षेला सात पाठ करा. दुरुस्तीला मी पाचच धरतो: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. पुस्तकातला पाचवा-सहावा बाजूला ठेवून आजवर माझं काही अडलेलं नाही. त्यांचं काम ॲप्लिकेशन आणि त्याच्यासोबतची सुरक्षा मिळून उरकतात.

कामाचा नियम एकच. वरचा थर खालच्याच्या जिवावर चालतो आणि खालच्याला वरचं काही कळत नाही. केबलला तुमचा उताऱ्याचा अर्ज माहीत नाही. तिच्या दृष्टीने ते फक्त विजेचे चढउतार. त्यामुळे मधला एखादा थर चालतोय असं दिसलं, की त्याच्या खालचं सगळं त्या रस्त्यापुरतं ठीक आहे असं धरून चालता येतं. म्हणून मी तळापासून सुरू करत नाही. मधून सुरू करतो आणि दर तपासणीला अर्धा भाग बाद करतो.

विंडोजवर काळी खिडकी उघडा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, आणि आधी 'आयपीकॉन्फिग', स्पेस, तिरकी रेघ, 'ऑल' टाइप करा. तुमचा पत्ता, गेटवे (बाहेर जायचं दार, बहुधा राउटरच), डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा), डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) सगळं येतं. मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा. पुढं लागणार आहे. मग तीन गोष्टी ओळीने करा: गेटवेला पिंग ('पिंग' टाकून पुढं त्याचा पत्ता; हाकेला उत्तर येतं का ते कळतं), ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला, पिंग, आणि 'एनएसलुकअप' टाकून एखाद्या साईटचं नाव. गेटवेलाच पोचत नसेल तर बिघाड तुमच्या भिंतींच्या आत आहे. गेटवेपर्यंत ठीक आणि ८.८.८.८ ला नाही, तर राउटरच्या पलीकडे असण्याची शक्यता जास्त (एक दगाबाज अपवाद खाली येतो). दोन्ही पिंग ठीक पण नाव सापडेना, तर डीएनएस. तिन्ही ठीक आणि तरी साईट अडते, तर खरा खेळ तिथून सुरू होतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढं वाचायची गरज नाही. पत्ता मागून कुणी दिला नाही म्हणून मशीनने स्वतःच तो घेतलाय. केबल, स्विच, नाहीतर राउटरचं डीएचसीपी, या तिघांतच शोधा.

थर पहिला: पाऊस, उंदीर आणि मोटर

आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा होतात आणि जूनपासून जांबोटी-कणकुंबीकडच्या भागात पाऊस कोसळतो. बाहेरून ओढलेली लॅन केबल, म्हणजे ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर नेलेली, हा सगळ्यात वाईट प्रकार. वीज जवळ पडली तर त्या तारेतून झटका येऊन स्विचचं एखादं पोर्ट अर्धमेलं होतं. पूर्ण मेलं तर बरं, दिसतं तरी. अर्धमेलं पोर्ट थंड असताना चालतं आणि तापलं की लिंक सोडतं. दोन इमारती जोडायच्या असतील तर मधे फायबर टाका. काचेच्या तारेतून वीज जात नाही, आणि तांब्याची लॅन केबल तशीही १०० मीटरपर्यंतच धरायची असते.

फायबरच्या डब्यावर एलओएस असं लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये. राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. मात्र आधी स्वतःची पिवळी पॅचकॉर्ड बघा. टेबल भिंतीला सरकवताना ती काटकोनात दुमडली जाते आणि लोक कंपनीच्या नावाने शंख करत बसतात.

आता जवळून बघायची एक गोष्ट. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड असतं. दोन्ही टोकांना गिगाबिट असताना तिथं १००० ऐवजी १०० दिसलं तर केबल आजारी आहे. गिगाबिटला आठही तारा, म्हणजे चारही जोड्या लागतात. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या. उंदराने निळी किंवा तपकिरी जोडी कुरतडली तर बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. नारिंगी किंवा हिरवी गेली तर लिंकच जाते. सोलून बघाल तर रंगांचा क्रम असा असायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण चारही जोड्या सरळ ओळीत लावतात, हिरव्याच्या मधे निळी घालत नाहीत. टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तिसरी आणि सहावी पिन वेगवेगळ्या पिळातल्या तारांवर जाते. छोट्या केबलवर चालूनही जातं. लांब केबलवर रडायला लागतं.

स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. कातरून टोक खरवडलं की पांढरं दिसतं. दोन-तीनदा वाकवली की तार आतल्या आत तुटते, वरून काही कळत नाही. कॅमेऱ्याला तीच केबल वीज पुरवत असेल तर असली केबल घेऊच नका.

उद्यमबागेसारख्या ठिकाणी वेगळंच. लॅन केबल थ्री-फेज मोटरच्या केबलला चिकटून, एकाच टायने बांधलेली. मशीन चालू झालं की टॅली स्लो. मालक म्हणतो सॉफ्टवेअर खराब आहे. तिथं चारही थर एकामागून एक कसे गुंततात ते बघण्यासारखं आहे. मोटरचा त्रास पहिल्या थरात येतो आणि बिट बिघडतात. दुसऱ्या थरात प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याच्या, शेवटी तपासणीचे ४ बाइट असतात. हिशोब जुळला नाही की स्विच ती फ्रेम गपचूप टाकून देतो, कुणाला कळवत नाही. तिसरा थर, आयपी, तोही पोच मागत नाही. चौथ्यातल्या टीसीपीला पोच आली नाही हे कळतं, तो तेच परत पाठवतो आणि रस्ता गर्दीचा आहे असं समजून स्वतःचा वेगही कमी करतो. वर बसलेल्या माणसाला फक्त गोल फिरणारं चक्र दिसतं. बिघाड पहिल्यात, तक्रार शेवटच्यात. पिंगला '-टी' लावून गेटवेला सतत पिंग चालू ठेवा आणि मशीन सुरू करायला सांगा. मशीनच्या ठोक्याला पिंग गळायला लागलं की सॉफ्टवेअरवाल्याला सोडून द्या, केबल दुसऱ्या बाजूने न्या.

लाईट जाऊन आल्यावर बंद पडत असेल तर आणखी एक साधी गोष्ट: राउटर इन्व्हर्टरवर असतो, मागच्या खोलीतला स्विच मात्र साध्या बोर्डावर. बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही इतक्या ठिकाणी हे असतं.

वायफायवर फार लिहीत नाही. फुल्ल रेंज म्हणजे तुमच्या राउटरपर्यंतचा रस्ता चांगला, त्याच्या पुढचं ती काही सांगत नाही. खडेबाजार, गणपत गल्लीसारख्या दाटीच्या ठिकाणी संध्याकाळी सगळी दुकानं उघडी असताना २.४ गिगाहर्ट्‌झवर गोंधळ असतो. तिथं एकमेकांवर न चढणारी चॅनेलं १, ६ आणि ११ एवढीच. जमेल तिथं ५ गिगाहर्ट्‌झ वापरा आणि बिलाच्या कॉम्प्युटरला सरळ वायर ओढा.

दुसरा-तिसरा थर: घरात दोन कारभारी

परत परत येणाऱ्या तक्रारींत माझ्या मते पहिला नंबर याचा. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी जुना राउटर आणून लावतो. स्विचमधून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात खुपसतो. मागच्या खोलीत वायफाय येतं, सगळे खूश. पण त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी चालूच असतं. आता पत्ते वाटणारे दोघं झाले.

कॉम्प्युटर सुरू होताना पत्ता मागतो तेव्हा ती हाक सगळ्यांना ऐकू जाते, आणि जो आधी उत्तर देतो त्याचं बहुतेक मशीन ऐकतात. लाईट आल्यावर फायबरचा मोठा डबा उठायला वेळ घेतो, छोटा जुना राउटर पटकन उठतो. त्या मधल्या वेळात सुरू झालेल्या मशीनला छोटा आपला पत्ता देऊन टाकतो. आधीच काढलेला फोटो आता उघडा. नेट बंद असलेल्या मशीनवर असं दिसेल: पत्ता १९२.१६८.०.१०५, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१. शेजारच्या चालू मशीनवर: पत्ता १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१. एकाच टेबलावरची दोन मशीनं, एकाच स्विचला, आणि तिसऱ्या थरात दोन वेगळ्या गल्ल्यांत राहतात.

मघाशी दगाबाज अपवाद म्हटलं तो हाच. बंद मशीनवरून गेटवेला पिंग व्यवस्थित जातं, कारण गेटवे खरोखरच जिवंत आहे. फक्त त्याच्या मागे इंटरनेट नाही. त्याचं वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणारं भोक, रिकामं आहे. माणूस म्हणतो, "आमच्याकडं सगळं ओके आहे, कंपनीचंच बंद आहे." कंपनीचा माणूस येतो, स्वतःचा लॅपटॉप मोठ्या डब्याला लावतो, त्याला नेट येतं. तो म्हणतो, "आमच्याकडनं ओके आहे." दोघंही खरं बोलत असतात.

रीस्टार्टने कधी सुटतं आणि कधी दोनदा-तीनदा करावा लागतो, हीच याची खूण. शर्यत आहे, कधी हा जिंकतो, कधी तो. आणि एकदा बरोबर पत्ता मिळालेलं मशीन मुदतीच्या अर्ध्यावर आपल्याच सर्व्हरकडून मुदत वाढवून घेतं, त्यामुळे बंद न केलेली मशीनं दिवसेंदिवस ठीक चालतात आणि सकाळी नव्याने सुरू केलेली अडतात.

आणखी वाईट म्हणजे दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असणं. मग आयपीकॉन्फिगमध्ये काहीच फरक दिसत नाही. तिथं 'एआरपी', स्पेस, '-ए' टाका. गेटवेसमोर बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा नंबर, दिसेल. नेट चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा लिहून घ्या. मॅक बदलला असेल तर त्याच नावाने दुसराच कुणी उत्तर देतोय. पहिली सहा अक्षरं कुठल्या कंपनीचा डबा ते सांगतात, म्हणजे चोर कुठला तेही कळतं.

उपाय: जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा मोकळा पत्ता द्या, केबल लॅन पोर्टातच राहू दे. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तेवढा निवडला तरी झालं. केबल वॅन पोर्टात घालूनही नेट चालतं, पण मग त्याच्या मागचे कॉम्प्युटर पुढच्या खोलीतला प्रिंटर शोधत बसतात.

शाळेच्या लॅबमध्ये याचाच एक मोठा भाऊ भेटतो. पोरांनी लोंबकळणारी केबल दिसली म्हणून तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये लावलेलं असतं. दुसऱ्या थराच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नाही. आयपीच्या पॅकेटात टीटीएल असतं, दर राउटरला एकने कमी होतं आणि शून्यावर पॅकेट मरतं. फ्रेममध्ये तसलं काही नसल्याने सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, वाढतच जाते. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकायला लागले की समजा. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती.

पिंग जातं, गुगल उघडतं, आणि एकच साईट अर्ध्यावर लटकते

हा प्रकार लोकांना भुताटकी वाटतो. सर्च चालतं, मेसेज जातात, पण सरकारी पोर्टलवर लॉगिन केल्यावर पान पांढरं राहतं, किंवा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हीपीएनमधून (सर्व्हरपर्यंतच्या खासगी बोगद्यातून) जोडतं आणि पहिला रिपोर्ट मागितला की गप्प. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तेच सुरळीत.

यात वरच्या नियमाला एक भोक आहे. खालचा थर चालतोय असं पिंगने सांगितलं खरं, पण पिंगचं पॅकेट छोटं असतं. मोठं पॅकेट जातं का, हे आपण विचारलंच नाही.

इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइटचं पॅकेट मावतं. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणारी कनेक्शनं बहुधा पीपीपीओई वापरतात. त्याचे ८ बाइट जातात, उरतात १४९२. व्हीपीएन असेल तर आणखी कमी. पलीकडचा सर्व्हर १५०० चं पॅकेट पाठवतो, त्यावर "तुकडे करू नका" अशी खूण असते. मधल्या राउटरला ते बसत नाही. त्याने ते टाकून द्यायचं आणि "इतकं मोठं चालत नाही, छोटं पाठवा" असा आयसीएमपी निरोप मागे पाठवायचा, अशी रीत आहे. पण कुठल्यातरी फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी सगळंच आयसीएमपी बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही. सर्व्हर तेच मोठं पॅकेट परत परत पाठवतो, ते परत परत गडप. लॉगिनचं छोटं पान जातं, यादीचं मोठं पान अडकतं.

तपासणी सोपी आहे. पिंगला '-एफ -एल १४७२' लावा आणि ८.८.८.८ ला पाठवा. १४७२ मध्ये पिंगचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की १५०० होतात. ते अडलं आणि १४६४ गेलं तर तुमचा रस्ता १४९२ चा आहे. १४६४ ही अडलं तर आकडा उतरवत जा, जिथं जाईल तिथं २८ मिळवा. तो आकडा म्हणजे एमटीयू, रस्त्यात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटचं माप. तो राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये टाका. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग असेल तर ते चालू करा. मग टीसीपी सुरुवातीलाच समोरच्याला सांगतो की एका खेपेत १४५२ पेक्षा जास्त देऊ नका, आणि आयसीएमपीच्या निरोपाची गरजच पडत नाही. १४५२ कुठून आले? १४९२ मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा.

बरेच राउटर हे स्वतःहून करतात. म्हणून हा बिघाड नवीन राउटर लावल्यावर, नाहीतर कुणी रीसेट मारल्यावर अचानक सुरू होतो.

सीमेवरची एक खास भानगड

तुरमुरी-बाचीपासून पुढं, किंवा निपाणीहून कोगनोळीकडं, सिमवाल्या राउटरवर चालणारी सेंटरं आहेत. खिडकीत ठेवलेला राउटर कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी चंदगड-कागलच्या बाजूचा. रेंज दोन्हीकडं बरी असते म्हणून कुणाला शंका येत नाही. पण जोडणी तुटून नव्याने झाली की बाहेरून दिसणारा पत्ता बदलू शकतो. टीसीपीचं कनेक्शन चार गोष्टींनी ओळखलं जातं: इकडचा पत्ता आणि पोर्ट, तिकडचा पत्ता आणि पोर्ट. त्यातला एक बदलला की पलीकडच्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुणी अनोळखी. अर्ज चार पानं भरून झालेला असतो आणि पाचव्या पानावर "सेशन संपलं" येतं. दोष देताना लोक पोर्टलला देतात. राउटर खोलीच्या ज्या कोपऱ्यात एकाच टॉवरची रेंज ठाम मिळते तिथं हलवा, भले एक कांडी कमी दिसली तरी. राउटरच्या पानावर बँड पक्का करायची सोय असेल तर करून टाका.

पुण्याला किंवा गोव्याला असलेल्या मुलाला घरचा कॅमेरा दिसत नाही, ही तक्रारही यातलीच. राउटरच्या वॅन पानावर पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तो कंपनीच्या मोठ्या नॅटमागचा पत्ता आहे, म्हणजे बाहेरून दिसणारा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आत यायला राउटरमध्ये दार उघडण्यावर) वेळ घालवू नका, कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा किंवा स्थिर पत्ता विकत घ्या.

वरचे थर

डीएनएस लवकर उरकतो: ८.८.८.८ पिंग होतं आणि एनएसलुकअपला उत्तर येत नाही, तर राउटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, मशीनवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा.

तारीख मात्र विसरू नका. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर२०३२ सेल मेला की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साईटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत प्रत्येक साईट अडवतो. इथं खालचे चारही थर ठणठणीत आहेत. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, मग बाकीचं. सेल मिळतो कुठल्याही घड्याळवाल्याकडं.

आणि शेवटी, सर्व्हरच बंद असतो. पानावर ५०३ किंवा ५०४ आकडा आला तर आनंद माना: तुमचं पॅकेट बेंगळुरूपर्यंत असो की आणखी कुठं, पोचलं आणि समोरच्याने उत्तरही दिलं. वेगळ्या कंपनीच्या सिमवर मोबाईल डेटा लावून तीच साईट उघडा. तिथंही तोच आकडा आला तर चहा घ्या. नुसतं पिंग जात नाही म्हणून साईट बंद आहे असं मात्र ठरवू नका, कित्येक सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', साईटचं नाव, '-पोर्ट ४४३' टाकलं की दार उघडं आहे का ते नीट कळतं.

कंपनीला फोन करताना

"नेट येईना झालंय" एवढं सांगितलं की पलीकडून "राउटर बंद-चालू करा" एवढंच येणार. त्याऐवजी राउटरशेजारी एक वही टांगा. तारीख-वेळ, एलओएसचा रंग, लिंक स्पीड, मशीनचा पत्ता आणि गेटवे, गेटवे पिंग, ८.८.८.८ पिंग, नाव सापडतं का, आणि आधी काय झालं होतं. चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा फोन करायची गरजच राहत नाही. पावसाच्या तारखा आणि लाल एलओएस एका रांगेत दिसले तर बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतंय. लाईटच्या वेळा आणि १९२.१६८.०.१०५ एका रांगेत दिसले तर मागच्या खोलीतला राउटर.

येणारा टेक्निशियन कानडी असेल, हिंदी असेल, त्याला वहीतलं पान दाखवा. "सर, एलओएस रेड आगिदे" एवढं कानडी आपल्याकडं सगळ्यांनाच येतं, आणि पिंगचा आकडा कुठल्याच भाषेत वाद घालत नाही.

नोंद झाली की मग खुशाल रीस्टार्ट करा, गिऱ्हाईक उभं आहे. फक्त दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. केबलही बदलली, डीएनएसही बदलला, राउटरही रीसेट मारला असं एकाच दिवशी केलंत तर पुढच्या पावसात वही कोरीच म्हणायची.